उणे तीस

त्याला सगळे थंडोबा म्हणत. हे नाव ज्याने ठेवलं त्याने त्याची मशीनं पाहिली असावीत, त्याला पाहिलं नसावं. त्याने हात लावलेला कॉम्प्युटर गार राही, पंख्याची घरघर थांबे आणि कामही झपाट्याने होई. हा बाबा मात्र कुलूप दोनदा ओढून पाहून, अर्धा जिना उतरून, तिसऱ्यांदा परत वर येणाऱ्यांपैकी. फोन वाजला की आधी छातीत धस्स व्हायचं, मग हात पुढे जायचा. बायको म्हणायची, "अहो, फोन आहे तो, चावत नाही."

त्याचं काम समजायला अवघड नाही. कारखान्यातून प्रोसेसर बाहेर पडतो तेव्हा त्याला गरजेपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज मिळेल अशी सोय केलेली असते, कारण एक तुकडा दुसऱ्यासारखा कधीच नसतो आणि सगळ्यात लेच्यापेच्या तुकड्यालाही सांभाळून घ्यायचं असतं. हे जास्तीचं व्होल्टेज काढून घेतलं की उष्णता घटते, आणि गार प्रोसेसर जास्त वेळ जोरात पळू शकतो. किती काढायचं हे मात्र कुठल्याही पुस्तकात नसतं. उणे पाच, उणे दहा, उणे पंधरा असं पायरी पायरीने उतरायचं, प्रत्येक पायरीवर मशीनला मरेस्तोवर राबवायचं, आणि ते कोसळलं की एक पायरी वर यायचं. भित्र्या माणसाला हे कसं जमतं, असं लोक विचारत. भित्र्यालाच जमावं असं हे काम आहे. धीट माणूस एकदा तपासतो आणि शीळ घालत घरी जातो.

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. ती इमारतींचे हिशेब करणारी इंजिनिअर. कुठला बीम किती जाड, त्यात किती सळया, हे ती ठरवायची. भाऊजी गेल्यावर तिने घराच्या पुढच्या खोलीतच ऑफिस थाटलं होतं. साठीला आली तरी कंत्राटदार तिला वचकून असत. तिच्या कॉम्प्युटरच्या आवाजाने तिचं डोकं उठायचं, म्हणून हिवाळ्यात थंडोबाने त्याला हात लावला. प्रोसेसरच्या आत स्वतंत्रपणे गणितं करणारे आठ भाग असतात, त्यांना कोर म्हणतात; ते आठही कोर एकदम कामाला जुंपले, दिवसभर राबवले, आणि थेट उणे तीसपर्यंत उतरला. मशीनने हूं की चूं केलं नाही. ताईने दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, "अरे, हे चालू आहे ना? आवाजच येत नाही!" तो पुढचा आठवडाभर खूश होता.

रविवारी सकाळी त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर एक नवी टेस्ट लावली. ही टेस्ट आठ कोर एकदम राबवत नव्हती. एकेकाला एकटं पळवत होती. सगळे मिळून काम करतात तेव्हा प्रत्येकाचा वेग थोडा कमी असतो. एकटा पळणारा सगळ्यात जोरात पळतो, आणि त्याला व्होल्टेजही त्याच वेळी सगळ्यात जास्त लागतं. हे थंडोबाला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने कधी तसं तपासलं नव्हतं, इतकंच. चौथ्या मिनिटाला तिसऱ्या कोरने चुकीचं उत्तर दिलं. मशीन बंद पडलं नाही, अडखळलंही नाही. पडद्यावर एक लाल ओळ आली आणि काम पुढे चालू राहिलं.

बंद पडणाऱ्या मशीनची भीती त्याने आयुष्यभर बाळगली होती. न अडखळता चुकीचं गणित करणारं मशीन त्याच्या भीतीच्या यादीतच नव्हतं. ताईचा प्रोसेसर त्याच्या स्वतःच्या प्रोसेसरबरोबरच घेतलेला, दोन्हीकडे उणे तीसच. आणि त्या मशीनवर ताईने एका शाळेच्या सभागृहाच्या छताचे हिशेब केले होते. त्याचा स्लॅब गुरुवारी सकाळी टाकायचा होता.

सोमवारी दुपारी त्याने ताईला फोन लावला. सांगायचंच असं ठरवून लावला होता.

"ताई, तुझ्या मशीनवर एक छोटं अपडेट टाकायचंय. इथूनच टाकतो. तासभर हात लावू नकोस."

"बरं झालं रे फोन केलास. मला तुला जरा एक—"

"नंतर बोलू ना ताई, गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक कुठलं आलंय! दुकानात तो आणि भिंतीवरचं घड्याळ. त्याने बसल्या जागेवरून तिचा कॉम्प्युटर जोडून घेतला आणि टेस्ट लावली. दुसऱ्याच मिनिटाला लाल ओळ आली, सहावा कोर. मग त्याने एकेक करून आठही उणे तीस पुसले, जागोजागी शून्य टाकलं, टेस्ट पुन्हा चालवली. एकही ओळ आली नाही. त्याने हळूच जोडणी तोडली, चोरासारखी.

आता मशीन नीट होतं. पण आधीचे आकडे कागदावर उतरून कधीच साइटवर गेले होते. मंगळवारभर त्याला त्या छताखाली बाकं दिसत होती, बाकांवर पोरं दिसत होती. ताई मोठे बीम हाताने तपासते, असं तो स्वतःला बजावायचा. आणि लहान बीम? तिथे येऊन तो ताट बाजूला सारायचा. सांगावं तर ताईचं नाव मातीत. कंत्राटदार गावभर करेल की बाईंचा कॉम्प्युटरच चुकतो. न सांगावं तर छत. तीनदा त्याने फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. बुधवारी संध्याकाळी बायकोने ताट पुढ्यातून उचललं आणि काय झालंय ते सांगितल्याशिवाय परत ठेवणार नाही म्हणाली. त्याने सांगितलं.

"मग इथे काय बसलाय?" ती म्हणाली. "चार दिवस?"

"उद्या सकाळी. ती साइटवर निघायच्या आधी गाठतो."

गुरुवारी साडेसहाला तो ताईच्या दारात उभा होता. साइटवर जाताना ती जाड बूट घालायची. आज तिने दार उघडलं तेव्हा पायात घरातल्या सपाता होत्या, केसही विंचरलेले नव्हते.

"तू निघाली नाहीस? आज स्लॅब आहे ना?"

"ये. आधी बस."

"ताई, स्लॅब थांबव. आत्ता फोन कर. ते आकडे—"

"आकडे बरोबर आहेत. दुसऱ्या इंजिनिअरने काल सगळे तपासले. मी हाताने केलेलेच पाठवले होते." ती खुर्चीत बसली. "ते काम मी सोडलं रे. मंगळवारी पत्र दिलं. सगळीच कामं सोडली."

छत सुरक्षित होतं. चार रात्रींचं ओझं उतरायला हवं होतं, पण उतरेना.

"का?"

"तुला सोमवारी सांगणार होते, तर तुझं गिऱ्हाईक आलं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "दोन महिने चाललंय. तीच फाइल, तेच आकडे, आणि उत्तर एकदा एक येतं, एकदा दुसरं. मला वाटायचं मीच काहीतरी वेगळं भरतेय आणि विसरतेय. प्रत्येक काम हाताने पुन्हा करायचे, दोनदोनदा. मग मनात आलं, मशीनचा तर दोष नसेल? म्हणून मंगळवारी तीच फाइल पाच वेळा चालवली. पाचही वेळा एकच उत्तर." तिने हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले. "म्हणजे मशीन ठणठणीत आहे. चुकत होते ती मी. आईचं असंच सुरू झालं होतं, तुला आठवत असेल. शेवटी तिने मला ओळखलं नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझं असं काही दिसलं तर कोणाच्या डोक्यावरचं छत माझ्या हातून होऊ द्यायचं नाही."

पळून जावं असं थंडोबाला इतक्या जोरात वाटलं की त्याने खुर्चीचा हात धरून ठेवला. मग त्याने सगळं सांगितलं. उणे तीस, एकटा पळणारा कोर, लाल ओळ, सोमवारचं अपडेट. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

मग तिने विचारलं, "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"हो ताई."

"सोमवारी तू ते गुपचूप नीट केलंस. आणि मंगळवारी मी तपासलं."

"हो."

तिला रडू फुटलं. थंडोबाने तिला भाऊजी गेले तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. त्यात सुटकाही होती आणि संतापही, आणि दोन महिन्यांची भीती तर होतीच. तो उठून जवळ जायला लागला तशी तिने हातानेच थांबवलं.

"मी कंत्राटदाराला सांगतो," तो म्हणाला. "आत्ता जातो. माझी चूक आहे म्हणून सांगतो."

"तो म्हणेल, बहिणीची लाज राखायला आलाय. पत्रात मी स्वतःच लिहिलंय की माझं डोकं आता भरवशाचं नाही. ते त्याने फाइलला लावलं असेल." तिने डोळे पुसले, टेबलावरचा कोरा कागद आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. "तू लिहून दे. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी. उद्या सकाळी मला वाटेल, भावाने माझी समजूत काढली. तेव्हा मला वाचायला काहीतरी लागेल."

त्याने लिहायला घेतलं. अक्षर नीट येईना, तरी त्याने काही गाळलं नाही. सही केली, खाली आजची तारीख घातली आणि कागद तिला दिला. ताईने चष्मा लावून, एकेका ओळीवर बोट ठेवत वाचला. तारखेपाशी तिचं बोट थांबलं.

"तुला हे कधी कळलं?"

"रविवारी."

"मग तेही घाल," ती म्हणाली आणि कागद परत त्याच्यापुढे ठेवला.

त्याने पेन उचललं, सहीच्या वरती थोडी जागा होती तिथे लिहिलं, 'मला हे रविवारी कळलं होतं', आणि तिच्यासमोर पुन्हा सही केली.