संत्र्याचा डबा

कुझुमी गुरुजींच्या कादंबऱ्यांवर कामाकुरात बंगला उभा राहिला, तळ्यात रंगीत मासे आले, दाराशी मोटार आली. पण त्या वैभवामागे त्यांच्या बायकोचं, तामाएबाईंचं मनगट होतं.

त्या काळी लेखकाच्या शिक्क्याशिवाय पुस्तक विकता येत नसे. प्रकाशकाकडून चिठ्ठ्यांचे गठ्ठे यायचे. प्रत्येकीवर तांबडा शिक्का मारायचा, मग ती चिठ्ठी पुस्तकाच्या शेवटच्या पानाला चिकटायची. जितके शिक्के, तितका लेखकाचा वाटा. गुरुजी लिहायचे, बाई शिक्के मारायच्या.

सगळ्यांत जास्त खपली ती त्यांच्या वारलेल्या मुलीवरची, चिसावरची कादंबरी. आधी वर्तमानपत्रात, मग पुस्तक, मग आमचं नाटक, मग सिनेमा. "एकच रडणं चार खिडक्यांवर विकलं जातंय!" आमचा मॅनेजर हात चोळत म्हणायचा. चिसा मी करायचे. बापाच्या मांडीवर प्राण सोडले की अख्ख्या थिएटरात रुमाल निघायचे. काय दिवस होते ते!

एका दुपारी प्रयोगानंतर तामाएबाई आत आल्या. मी तोंडाची पावडर पुसत होते.

"मरतेस मात्र झकास हं, पोरी."

मी वाकून नमस्कार केला.

"पण आमची चिसा माझ्या मांडीवर गेली. संत्रं मागत होती. जून महिना, संत्रं कुठलं मिळायला? कोपऱ्यावरच्या दुकानात पाकातल्या फोडींचा डबा होता, घरात तेवढेच पैसे. ह्यांनी त्या पैशांचे कागद आणले. लिहायला."

"हे नाटकात नाही, बाई."

"कादंबरीतच नाही, तर तुमच्या नाटकात कुठून येणार?"

नवी आवृत्ती निघायची होती. पुढच्या प्रयोगाचं आमंत्रण घेऊन मी बंगल्यावर गेले, तर चिठ्ठ्यांचे गठ्ठे कोरेच पडलेले. शिक्का बाईंच्या कमरपट्ट्यात.

"डब्याचं एक वाक्य घाला," त्या गुरुजींना म्हणत होत्या. "मग मारते शिक्के."

"अगं, लोक त्या बापासाठी रडतात. डबा घातला तर बाप काय उरेल?"

"होता तेवढा उरेल."

प्रकाशकाचा माणूस घाम पुसत होता. "बाईसाहेब, छापखाना अडलाय हो. लोक वाट बघतायत."

"लोकांना सांगा, बाईचं मनगट दुखतंय."

गुरुजी वाईट नव्हते. टाक हातात घेऊन ते किती तरी वेळ बसून राहिले. ते वाक्य त्यांच्याच्यानं लिहवत नव्हतं, असं मला वाटतं.

पानगळीत आवृत्ती आली. चिठ्ठीच्या जागी एक छापील ओळ होती: लेखकाच्या संमतीने शिक्का रद्द. इतर प्रकाशकही तेव्हा शिक्के बंद करत होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. बाईंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"बघ गं, किती सोपं होतं."

पुढे गुरुजी गेले. पुस्तक खपतच राहिलं आणि पैसे बाईंच्या नावावर येत राहिले. एका जूनमध्ये मी भेटायला गेले. चिसाच्या फोटोपुढे संत्र्याच्या फोडी ठेवल्या होत्या. स्वयंपाकघराच्या फळीवर छतापर्यंत डबे रचलेले.

बाईंनी एक वाटी माझ्यापुढे सरकवली.

"खा. आता घरात हवे तेवढे आहेत."

मी फोड तोंडात घातली. मी गिळेपर्यंत बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.