देवीचं उजवं फूल

जुने दोस्त जमले की माझ्याकडे मिठागराचे किस्से मागतात. एक सांगितला की दुसरा आपणहून पुढे येतो, मी तरी काय करू! स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं मी पनवेलच्या खाडीकाठी एका मिठागरावर कारकून होतो. पोलीस लांब पनवेलात. इथला सगळा बंदोबस्त गावदेवीकडे!

*

राशीवरचं मीठ चोरीला जायला लागलं. सुपरवायझरसाहेबांनी देवीचा नारळ आणून राशीवर ठेवला. चोरी बंद! दोन दिवसांनी मीठ न्यायला मचवा आला, तर एकही मजूर पाटी उचलेना.

"देवीचा हाय साहेब. आमी कसा हात लावू?"

"मग नारळ काढा!"

"तुमी ठेवलाय, तुमीच काढा."

साहेबांचाही हात पुढे होईना. मचवा रिकामा गेला. मी स्वतःला मोठा सुधारक समजायचो, पण नारळाला मीही हात लावला नाही.

*

मुकादमाची कोंबडी गेली. देवीच्या पुजाऱ्याने, धर्मा गुरवाने, देवळात जाहीर केलं, "सकालपर्यंत आली नाय, तर देवी चोराचे घरी जाईल!"

सकाळी देवळासमोर तीन कोंबड्या बांधलेल्या!

*

मोठा प्रश्न आला की देवीचा कौल. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. धर्मा एकदा मला हळूच म्हणाला, "भाऊ, गावाचा भला बघायचा तर एक फूल पाण्यानं लावायचा, दुसरा भाताच्या पेजेनं!"

पेजेचं फूल पडत नसे. धर्माची नजर अधू, म्हणून वाट्या त्याची मुलगी हिरा मांडायची. पाणी नेहमी उजवीकडे, पेज डावीकडे; धर्मा जागेवरूनच वाटी ओळखायचा.

*

हिराला मोरा बंदरातल्या एका खलाशाशी लग्न करायचं होतं. बापाला जावई शेतीवालाच हवा. "देवी सांगेल तसा!" म्हणत त्याने अख्ख्या गावासमोर कौल लावला. पोरीचं आता काही खरं नाही, म्हणून मला फार वाईट वाटत होतं. तेवढ्यात वाट्यांकडे लक्ष गेलं. आज पाणी डावीकडे होतं!

धर्माने डाव्या वाटीत बोट बुडवून उजवं फूल लावलं, उजव्या वाटीतलं बोट डाव्या फुलाला. "पोर खलाशाला द्यायची काय?" म्हणून गाऱ्हाणं घातलं. उजवं फूल टपकन खाली!

"हा पडलाच कसा?" धर्मा ओरडला.

हिरा खाली मान घालून उभी. मुकादमाची म्हातारी आई पुढे सरकली.

"का रं धर्मा, तो पडायचा नव्हता काय?"