टाळूतून की घशातून

डोळे मिटून शेअरबाजारात पैसे मिळवणारा माणूस साऱ्या मुंबईत एकच झाला आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. डोळे मिटून म्हणजे अगदी खरोखरचे मिटून. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाजारात तेव्हा संगणक नव्हते, पडद्यावर सरकणारे आलेख नव्हते. फोर्टातल्या त्या मोठ्या दालनात, ज्याला सगळे रिंग म्हणत, माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडून खरेदी-विक्री करत. कुणी बोटांच्या खुणांवर नजर ठेवी, कुणी बड्या दलालाचा चेहरा वाची, कुणी त्याच्या कारकुनाला चहा पाजून बातमी काढी. आमचे मुलुंडचे काका मात्र एका खांबाला पाठ टेकवत, डोळे मिटत आणि ऐकत राहत. नव्या माणसाला वाटे, बिचाऱ्याला झोप लागली. मग काका अचानक डोळे उघडत, गर्दीत शिरून काहीतरी घेत किंवा विकत आणि परत खांबाशी येऊन उभे राहत.

त्यांचं शास्त्र साधं होतं. "भाव चढणार असला की माणसं टाळूतून ओरडतात," ते मला समजावत, "आणि उतरणार असला की घशातून. शब्द तेच असतात रे, आवाज कुठून येतो ते ऐकायचं. तोंड खोटं बोलतं, घशाला ते जमत नाही." मी ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्रात नोकरीला, त्यामुळे असल्या शास्त्रावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी पेपरातले भाव घेऊन ग्राफपेपरवर आलेख काढायचो आणि रविवारी चेंबूरहून मुलुंडला नेऊन त्यांना दाखवायचो. ते चष्मा लावून कौतुकाने बघत आणि म्हणत, "सुरेख काढलायस. फक्त याला बोलता येत नाही." माझा आलेख खरा ठरला तर तो योगायोग, आणि त्यांचा कान चुकला तर त्या दिवशी रिंगमधल्या लोकांचे घसे बसलेले होते, असा त्यांचा न्याय. पण याच कानांवर त्यांनी मुलुंडला गॅलरीसकट जागा घेतली, मुलीचं लग्न थाटात केलं, हे नाकारायची सोय मला नव्हती.

बाजार सुटला तरी कान सुटत नसत. कूकरची शिट्टी झाली की बाहेरूनच विचारत, "आज डाळ जुनी आहे का गं?" लग्नाला गेलो की हॉलबाहेर खुर्ची टाकून आतल्या पंगतीचा गलका ऐकत बसत आणि एकदम माझा हात धरत, "ऊठ, जिलबी संपत आली." आम्ही आत जाईपर्यंत बहुतेक वेळा ती संपलेली असे, पण काकांच्या चेहऱ्यावर अंदाज खरा ठरल्याचं समाधान असे. सगळ्यात हाल मावशीचे. संध्याकाळी गल्लीत टोमॅटोवाल्याची हातगाडी आली की ती पिशवी घेऊन निघायची आणि काका तिला अडवायचे, "थांब. अजून टाळूतून ओरडतोय. घशात उतरू दे."

"अहो, तो काय शेअर विकतोय? टोमॅटो आहेत ते!"

"भाव तो भाव," काका म्हणत. तेवढ्यात गाडी टाळूतून ओरडत पुढच्या गल्लीत निघून जाई, आणि आमटीत टोमॅटोऐवजी आमसूल पडे.

रविवारी जेवणानंतर आम्ही गॅलरीत बसायचो. समोर दूरवर डोंगर दिसायचा. काका डोळे मिटून रिंगबद्दल बोलत. "सुरू व्हायच्या आधी ना, सगळे नुसते पुटपुटत असतात. देवळात आल्यासारखं वाटतं. मग कुठूनतरी एक आवाज उठतो, त्याला दुसरा मिळतो, तिसरा मिळतो, आणि बघता बघता छतापर्यंत सगळं भरून जातं." ऐकता ऐकता मला पेंग यायची. त्या अर्धवट झोपेत त्या डोंगरापलीकडे माणसांचा मोठा समुदाय काहीतरी मागतो आहे, असं वाटत राहायचं. इतक्या गोड दुपारी मला पुन्हा मिळाल्या नाहीत.

एका सोमवारी मी रजा घेऊन मुलुंडला गेलो होतो. बाजार अजून चालू असेल अशा वेळी काका घरी आले आणि चपलांसकट गॅलरीत जाऊन बसले. "बाजार कुजबुजतोय," ते म्हणाले. "असं कधी ऐकलं नव्हतं. सगळ्यांची तोंडं उघडतायत आणि आवाज म्हणून नाही. काहीतरी मोठं येतंय. होतं नव्हतं ते सगळं विकून आलो."

मावशीने देवापुढे साखर ठेवली. आणि त्याच आठवड्यात बाजार धाडकन कोसळला.

मग काय, सगळी सोसायटी काकांच्या घरी लोटली. रिंगमधले त्यांचे एक दोस्त पेढे घेऊन आले. "काय कान आहेत यार या माणसाचे!" ते सगळ्यांना सांगत होते. "सोमवारी असला कल्ला होता, बाहेर रस्त्यावर ऐकू जात होता. आणि ह्याला त्यात शांतता ऐकू आली!" सगळे हसले. काकाही हसले आणि हळूच माझ्याकडे वळून म्हणाले, "काय म्हणाला रे तो?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. लोक गेले. आत कूकरची शिट्टी झाली, पुन्हा झाली, आणि काकांनी डाळीबद्दल काही विचारलं नाही. "बाजार नव्हता रे कुजबुजत," ते म्हणाले. "माझेच कान गेले."

ते पुन्हा रिंगमध्ये गेले नाहीत. लोकांना वाटलं, काय शहाणा माणूस, बरोबर वेळेला बाहेर पडला. डॉक्टरांनी कानाला लावायचं यंत्र दिलं, तर "यात सगळे एकाच गळ्यातून ओरडतात," म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलं. मला फार वाईट वाटायचं. एकदा काही सुचेना म्हणून मी नवा आलेख घेऊन गेलो. काकांनी तो मांडीवर पसरून शांतपणे पाहिला. "याला बोलता येत नाही, मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "आता जमेल आमचं." मला हसता आलं नाही.

त्याच संध्याकाळी गल्लीत टोमॅटोवाला आला. काकांना पत्ता नव्हता. मावशी पिशवी घेऊन गॅलरीत आमच्याजवळ आली. मला वाटलं, आज तरी ही सरळ खाली जाईल. पण तिने त्यांच्या खांद्याला हात लावून खाली बोट दाखवलं. काका वाकून टोमॅटोवाल्याच्या उघडमीट करणाऱ्या तोंडाकडे बघत राहिले.

"टाळूतून की घशातून?" त्यांनी विचारलं.

जन्मभर या शास्त्राची टिंगल केलेल्या माझ्या मावशीने गॅलरीचा कठडा धरला, डोळे मिटले आणि मन लावून ऐकलं. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती मोठ्याने म्हणाली, "अजून टाळूतून! थांबा जरा!"

काका थांबले. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. त्या दिवशी आमटीत आमसूल होतं, आणि काकांनी ती दोनदा मागून घेतली.