घरच्या माणसाचं पान

मालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाथरीच्या बसस्टँडवर परभणीच्या गाडीची वाट बघत उभी होते. हातात भाचीनं दिलेली कुरडयांची पिशवी. फोन रोहिणीचा. रोहिणी म्हणजे मालूच्या हाताखाली काम करणारी तरुण डॉक्टर. "काकू, मॅडम गेल्या..." एवढंच बोलली आणि पोर रडायला लागली. मी तिला काहीतरी धीराचं बोलले, गाडी लागली तशी धक्के मारून खिडकीची जागाही धरली. खोटं कशाला सांगू? डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं ते एवढंच, की आता तिला सांगायचं राहून गेलं. वाटेतलं मानवत गाव मागे पडलं तरी मी रडले नव्हते. कुरडया मोडू नयेत म्हणून पिशवी तेवढी मांडीवर सांभाळून धरली होती.

डॉ. मालती, म्हणजे माझी मालू. जिंतूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर. गणितात ती मला दाखवायची, निबंधात मी तिला. पुढं मी शिक्षिका झाले आणि इथंच परभणीत राहिले. ती डॉक्टर झाली, मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं कॅन्सरच्या पेशी तपासत बसली. लग्न केलं नाही. "वेळच मिळाला नाही गं," असं म्हणायची, जसं काही रेशन आणायचं राहून गेलं. मग एके दिवशी सगळं सोडून परभणीला आली आणि दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. मीही विचारलं, "माले, डोकं ठिकाणावर आहे ना?" तर म्हणाली, "पेशीचं सगळं लिहून झालं. आता ती पेशी ज्या बाईच्या अंगात आहे, तिच्या घरात काय चाललंय ते कोण लिहिणार?" मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. "गल्लीतली भांडणं सोडवत बसण्यापेक्षा चल माझ्याबरोबर," म्हणाली. तशी मी तोंडाळ, घरात बसून जीव उबगलेला. गेले.

तिची कामाची रीत वेगळी होती. ज्या घरात आजार, तिथं दोन पानं भरायची. एक आजारी माणसाचं, दुसरं घरच्या माणसाचं. प्रश्न दोन्हीकडं तेच. पण दोघांना वेगवेगळ्या जागी बसवायचं आणि एकाचं पान दुसऱ्याला कधीही दाखवायचं नाही. पहिला प्रश्न असायचा, आजार कळल्यावर घरात सगळ्यात आधी काय बदललं? एका ऊसतोड्यानं सांगितलं, "कोयता मोडला बाई." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, बायको पडली तशी त्याला एकट्याला टोळीत कुणी घेईना. त्याची बायको आत निजलेली. तिनं सांगितलं, लेकीची शाळा सुटली. मालू म्हणायची, या दोन पानांमध्ये जे अंतर पडतं ना शोभे, मला तेच मोजायचंय.

चारठाण्याच्या एका घरातलं मला अजून जसंच्या तसं आठवतं. ओसरीवर सासू, आत सून. सुनेला गर्भाशयाचा कॅन्सर. सासूनं मला ठासून सांगितलं, "आमी कायबी येगळं केलं न्हाई बाई. लेकीवानी हाय ती." मालू आत सुनेजवळ बसली होती. जाताना मी पाणी प्यायला मागच्या दारी गेले, तर गोठ्यातल्या फळीवर एक ताट, एक वाटी, एक तांब्या. झालं! माझ्यातली शाळेची बाई जागी झाली. त्या म्हातारीला मी अंगणात उभं करून झापलं. हा रोग उष्ट्यानं लागतो का, ताटावाटीतून पसरतो का, लाज वाटत नाही का, सगळं बोलले. म्हातारी पदराला डोळे पुसत म्हणाली, "नातू लहान हाय वो घरात. मला लय भ्या वाटायलंय..."

परतताना मालू जीपमध्ये पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. उतरल्यावर म्हणाली, "तू लिहायला आली होतीस का निवाडा करायला?" मी म्हटलं, "अगं पण तिनं ताट गोठ्यात ठेवलंय!" ती म्हणाली, "ठेवलंय ना. घाबरलीये ती. मग तिची भीती लिही. आता ती पुन्हा कुणाला खरं सांगेल का?" दुसऱ्या दिवशी एकटी चारठाण्याला गेली, म्हातारीशी तासभर बोलली, आणि सुनेच्या ताटातली भाकरी त्या दोघींबरोबर बसून खाऊन आली. मला मात्र तेव्हा वाटत होतं, बरोबर मीच होते.

दोन वर्षांपूर्वी मालूलाच कॅन्सर झाला. तिनं मला सांगितलं तेही पेपरातली बातमी सांगावी तसं. नांदेडला उपचार सुरू झाले. चौथ्या केमोनंतर तिला उभं राहवेना, म्हणून मीच हट्टानं माझ्या घरी आणलं. म्हटलं, दहा दिवस हलू द्यायची नाही. घरात माझी वैशाली बाळंतपणाला आलेली, बाळ जेमतेम वीस दिवसांचं. मालूला समोरच्या खोलीत ठेवलं. मधे दार नाही, नुसता पडदा.

पहिल्या दिवशी चहा केला. कपाटातून निळ्या फुलांचा एक कप काढला, त्याच्या जोडीचा कधीच फुटलेला. तिला त्यात चहा दिला, नंतर तो कप वेगळा विसळला आणि वैशालीला म्हणाले, "हा मावशीचा. बाकीच्यांत मिसळू देऊ नको." वैशाली म्हणाली, "आई, गावोगाव तूच सांगत फिरतेस ना?" मी म्हणाले, "गप गं. बाळ आहे घरात." हळू बोलले होते. निदान मला तसं वाटलं होतं.

तेव्हा मनाला काय काय समजावलं मी! तिचीच ताकद कमी झालीय, तिलाच बाहेरचं काही लागू नये, डॉक्टर सांगतातच जपायला... सगळं खोटं. तिच्यासाठी नव्हतंच ते. मला भीती वाटत होती. सगळं माहीत असून, तोंडानं हजारदा सांगून भीती वाटत होती. ती माझ्या नातवाला घ्यायला हात पुढं करायची तेव्हा मी म्हणायचे, "अगं, आत्ताच झोपलाय." तो टक्क जागा असायचा. तिसऱ्या दिवशी बघते तर मालू भिंतीला धरत स्वयंपाकघरात आलेली. तिनं आपला कप स्वतः धुतला आणि मांडणीवर न ठेवता खिडकीच्या कठड्यावर पालथा घातला. उन्हात वाळायला ठेवला असेल, असं मी धरून चालले.

पाचव्या दिवशी म्हणाली, "निघते. पानं साठलीत." मी राहा म्हटलं, पण एकदाच म्हटलं. एरवी मी कुणाला एकदा म्हणून सोडते का? रिक्षा वळली आणि मला हायसं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्यानंतर रोज फोन करायचे, काय खाल्लंस, उलटी झाली का... भेटायला मात्र दोनदाच गेले, तेही घाईघाईत. सांगू, सांगू म्हणत राहिले. ती कधी काही बोलली नाही, तशीच चेष्टा करायची, तशीच हसायची.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी रोहिणी घरी आली. वैशाली बाळाला घेऊन केव्हाच सासरी गेलेली, मी एकटीच होते. तिनं पिशवीतून एक कागद काढला. "काकू, मॅडमनी स्वतःचंही घर कामात धरलं होतं. त्यांचं पान भरून झालंय, पाकिटात बंद आहे. तुमचं राहिलंय." वर मालूच्या अक्षरात माझं नाव. आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'घरची'.

"त्यांचं पान दाखवता येणार नाही," रोहिणी चाचरत म्हणाली. "मी मागितलंय का?" मी वसकन ओरडले. खरं तर ते पाकीट तिच्या हातातून ओढून घ्यावंसं वाटत होतं.

रोहिणीला समोरच्या खोलीत बसवून मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले. आजवर दुसऱ्यांना असंच आत-बाहेर बसवत आले होते. आजार कळल्यावर घरात सगळ्यात आधी काय बदललं? लिहिलं, चहाचा कप. कुणी बदलला? मी. कारण? बाळाचं नाव पुढं करता आलं असतं. लिहिलं, भीती. शेवटचा प्रश्न होता, आजारी माणसाच्या हे लक्षात आलं का? मी पटकन लिहून टाकलं, माहीत नाही.

बाहेरून रोहिणीनं विचारलं, "झालं का काकू?"

"थांब जरा."

उत्तर बदलायचं असेल तर खोडरबर वापरायचं नाही, एकच रेघ मारायची, आधीचं वाचता आलं पाहिजे, ही मालूचीच शिस्त. मी 'माहीत नाही'वर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, हो. पहिल्याच दिवशी.