जीव नाय घेत मी

वडखळजवळच्या आमच्या आरोग्य केंद्रात जखमा बांधणाऱ्या सिस्टर दिवसभर पाय ओढत चालतात आणि प्रत्येक पेशंटला एकच वाक्य ऐकवतात, "बस, जीव नाय घेत मी." हसत मात्र नाहीत. मिठागरात कापलेला पाय असो की भाजलेला हात, सूर तोच. मी खिडकीत केसपेपर लिहिते. आमचं बोलणं फारसं होत नाही.

त्या दिवशी एका तरुणाचा दंड सुजून पिकला होता. विचारल्यावर त्याने हळूच खरं सांगितलं. मी लिहिलं, 'नशेच्या इंजेक्शनची जखम'. मी इंग्रजी शाळेतली. माझं मराठी अक्षर मोठं, सुटं, कुणालाही वाचता येईल असं. रांगेतल्या बाईने त्याच्या हातातला कागद वाचला आणि मुलीला जवळ ओढलं. कागद बाकावर टाकून तो निघून गेला.

सिस्टरनी तो कागद उचलला. "खरं हाय गो. पण ते आत मी इचारलं असतं. रांगेला कशाला सांगतेस? हात सडंल त्याचा."

मग तशाच पाय ओढत हायवेपर्यंत गेल्या आणि रिक्षा स्टँडवरून त्याला घेऊन आल्या. "बस, जीव नाय घेत मी."

दुसऱ्या दिवशी तो खिडकीशी आला. मी फक्त 'जखम' लिहिलं. तीन अक्षरं संपेपर्यंत तो माझ्या पेनाकडे बघत होता.

"आला काय?" आतून थकलेला आवाज आला. "पाठव."