मातीचा एक्स-रे

आमच्या लॅबमध्ये माती साठते त्याहून जास्त किस्से साठतात. माती निदान मोजता तरी येते! क्योतोच्या एका युनिव्हर्सिटीत मी टेराहर्ट्झ लहरी आणि डोळ्यांना न दिसणारे रंग टिपणारा स्पेक्ट्रल कॅमेरा वापरून शेतातली माती तपासते. करार मार्चपर्यंत. तोवर बारा शेतांची रीडिंग्ज रिव्ह्यू कमिटीपुढे ठेवली तर आणखी एक वर्ष, नाहीतर बॅगा भरून पुणे. एवढं सोडलं, तर इथलं मला धड काही कळत नाही.

आईला फोनवर काम समजावून सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे मातीचा एक्स-रे काढता का गं?"

"साधारण तसंच."

"अगं बाई! झालंय काय तिला?"

मी विचारात पडले. दोन वर्षं झाली, आम्ही तेच तर शोधतोय!

* * *

टेराहर्ट्झला पाण्याचं भारी वावडं. हवा जरा दमट झाली की ग्राफ झोपलाच. एकदा ओव्हनमधून काढलेली खडखडीत माती मशीनला ओली दिसायला लागली. मी केबल बदलल्या, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, हात जोडले. काही नाही! मशीनची देखभाल करणारे हायाशी-सान पन्नाशीचे, अतिशय सज्जन. त्यांना विचारलं की "सा...", म्हणजे 'काय की', असं म्हणून मान तिरकी करायचे आणि निघून जायचे.

दारावर मात्र रोज एक नवं चित्र लागत होतं. रडणारा राइस कुकर! मला वाटलं, कुठेतरी सेल लागलाय. चौथ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. अहो, माझाच कुकर! मशीनशेजारी रोज साडेअकराला वाफा सोडत होता.

"मला तोंडावर सांगायचं ना, हायाशी-सान!"

"चार वेळा सांगितलं की," ते म्हणाले.

* * *

जुलैत ड्रोनला स्पेक्ट्रल कॅमेरा लावून एका शेताचे फोटो काढले. कोपऱ्यात असा काही लाल पट्टा आला की आमचे प्रोफेसर, मोरी सेन्सेई, खुर्चीतून उठलेच. लोह असेल? आणखी काही? एका दिवसात दोन मीटिंगा झाल्या. दुसऱ्या दिवशी सेन्सेई, हायाशी-सान आणि मी फावडी घेऊन दोन तास गाडीने तिथे पोचलो.

शेताच्या मालकीणबाईंनी उमेबोशी, म्हणजे खारवलेले आंबट प्लम, चटयांवर वाळत घातले होते!

सेन्सेईंनी तरीही कमरेत वाकून विचारलं, "सॅम्पल घेऊ का?" बाईंनी बरणीभर दिले. रिपोर्टात त्या जागी काय लिहायचं, यावर तिसरी मीटिंग झाली.

* * *

उरलेली माती टाकायची कुठे, हा आणखी एक घोळ. इथे जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या. माती कशातच नाही! वॉर्ड ऑफिसला फोन केला. पलीकडच्या बाईने काय टाकायचंय ते तीन वेळा विचारून घेतलं. मग म्हणाली, "पण माती कचरा कशी?"

शेवटी ज्याची माती त्याला परत नेऊन दिली. त्या शेतकऱ्याने भेट म्हणून चार मुळे दिले. मुळे फुकट कसे घ्यायचे, म्हणून सेन्सेईंनी केक नेला. केकवर तांदूळ आले. प्रकरण अजून मिटलेलं नाही.

* * *

फेब्रुवारीत बारा शेतांची माती वाळवून, चाळून, दाबून मशीनसाठी बारा वड्या केल्या. रुपयाएवढ्या, चॉकलेटी. शेतं बर्फाखाली गेली होती, त्यामुळे दुसरी माती मिळायची नाही. ठेवायच्या कशात? पुण्याहून आलेले पेढे संपले म्हणून खोका टाकवतो का आपल्याला! आत छोट्या कागदी वाट्याही होत्या. एका वाटीत एक वडी, खाली शेताचा नंबर.

माती दाबायच्या खोलीतून खोका घेऊन लॅबमध्ये पाऊल टाकलं आणि ऑफिसातून बोलावणं आलं, व्हिसाच्या कागदांवर सही हवी. दोन मिनिटांसाठी खोका दाराजवळच्या टेबलावर ठेवला. आता इथली रीत अशी की बाहेरगावाहून येणारा त्या टेबलावर खाऊ ठेवतो, आणि प्रत्येकाने निमूटपणे एक उचलायचा. चवीबद्दल ब्र काढायचा नाही.

मी तासाभराने परतले. पाच वड्या शिल्लक! शेजारी चिठ्ठी, "भारताची चव. मनापासून आभार."

रडूच आलं. विचारू कोणाला? आणि काय विचारू?

मार्चमधल्या रिव्ह्यूत कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "बारापैकी सात रीडिंग्ज दिसत नाहीत."

तेवढ्यात सेन्सेई उठले आणि पार वाकले. "जबाबदारी माझी. सातातल्या दोन मी खाल्ल्या." मग हायाशी-सान उठून वाकले. मग लॅबमधले उरलेले चौघंही! म्हणजे सगळ्यांना कळलं होतं, आणि महिनाभर कोणी एक अक्षर बोललं नव्हतं.

अध्यक्षांनी उरलेल्या पाच वड्या एकदा मोजल्या. मग म्हणाले, "बर्फ वितळलं की सात पुन्हा करा. एक वर्ष पुरेल ना?"

बाहेर आल्यावर मी सेन्सेईंचे पाय धरायचेच बाकी ठेवले. पण राहवेना. "सेन्सेई, पहिली चुकून खाल्लीत, ठीक आहे. दुसरी का खाल्लीत?"

सेन्सेई गंभीरपणे म्हणाले, "पहिली सात नंबरच्या शेतातली होती. वाटलं, तीन नंबरची बरी लागेल."