पोटरी आणि वरवंटा

मोठी लढाई संपल्यावर दोन वर्षांनी मला टपालखात्यात रनरची नोकरी लागली. खालापूरकडून येणारी टपालाची थैली दुसरा रनर आमच्या गावच्या पिंपळापाशी आणून टाकी, आणि तिथून ती खांद्यावर घेऊन कर्जत स्टेशनपर्यंतचे सहा मैल मी पळे. हातात घुंगरांची काठी, डोक्याला पागोटं, आणि अंगात एवढी मिजास की वाटेतल्या बैलांनीही मला सलाम करावा असं वाटायचं.

मिजास महिनाभर टिकली. मग पोटऱ्यांत गोळे यायला लागले. गोळा आला की मी भर रस्त्यात एका पायावर उभा राहून देवाला आणि टपालखात्याला सारख्याच शिव्या घाली. त्यापायी दोनदा गाडी चुकली. आम्हा रनरांवर देखरेख करणाऱ्या ओव्हरसियरनं बजावलं, "तिसऱ्यांदा उशीर झाला तर काठी इथं ठेवायची आणि घरी जायचं." वडील गेलेले, बहीण पहिल्या बाळंतपणाला आलेली, घरात मिळवता मी एकटा. काठी ठेवून चालणार नव्हतं.

हातानं पोटऱ्या चोळाव्यात तर अंगठे दुखायचे. म्हणून मी मुसळ आडवं घेऊन पोटरीवर फिरवायला बसलो. आई ओरडली, "लक्ष्मी हाय ती! पाय लावतोस रं?" लाटणं घेतलं, तर ते अन्नाला लागतं. ताकाची रवी घेतली, तर तिनं ती हातातून हिसकावूनच नेली. आमच्या घरात जे जे म्हणून गोल होतं ते एक तर देव होतं नाही तर अन्न, आणि माझा पाय दोन्हींच्या आड येत होता.

राहिला पाट्यावरचा वरवंटा. सकाळी आई गोठ्यात गेली की मी तो गुपचूप उचलायचो. पहिल्या दिवशी तो धुवायचं सुचलं नाही. आदल्या रात्रीच्या मिरचीनं पोटऱ्या अशा पेटल्या की त्या दिवशी मी कर्जतला गाडीच्या अर्धा तास आधी पोचलो. पुढं मी शहाणा झालो. वरवंटा धुऊन, करंजाचं कडू तेल लावून फिरवायचा आणि परत जागेवर ठेवायचा. गोळे कमी झाले. चटणी मात्र कडू लागू लागली. आईनं आधी मिरच्यांना दोष दिला, मग खोबऱ्याला, मग वाण्याला. मी खाली मान घालून खात होतो.

अशात बहिणीला मुलगी झाली आणि बारसं ठरलं. आमच्याकडे बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. त्याला न्हाऊ घालायचं, टोपडं चढवायचं, काजळाचे डोळे काढायचे. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. बहिणीची सासू आदल्या दिवशीच आली होती. बाई एवढी करडी की तिच्यासमोर आमच्या कोंबड्यासुद्धा अंगणात हळू चालत.

नेमका बारशाच्याच दिवशी ओव्हरसियर घड्याळ घेऊन कर्जतला उभा राहणार होता, आणि नेमका त्याच सकाळी माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. वरवंटा नटूनथटून पाळण्यात निजला होता. मी माजघरात शिरलो, त्याला उचललं, आणि टोपड्यासकट पोटरीवर फिरवू लागलो.

तेवढ्यात विहीणबाई आत आल्या. मी वरवंटा उपरण्यात गुंडाळून काखेत मारला.

"पाळना रिकामा कसा?" त्यांनी विचारलं.

पिंपळापाशी घुंगरं वाजली, थैली आली होती. मागच्या दारानं निसटून वरवंटा पाट्यावर ठेवावा म्हटलं, तर तिथं आई उभी. मी थैली उचलली आणि पळालो, काखेतल्या बाळासह.

वाटेत तो एखाद्या झुडपात ठेवता आला असता. पण दोन मैलांवर पुन्हा गोळा आला. मी मैलाच्या दगडावर बसलो, वरवंटा दहा वेळा वरखाली फिरवला आणि उठलो. दहिवलीच्या अलीकडे पुन्हा तेच. तो नसता तर मी तिथंच राहिलो असतो. स्टेशनात शिरलो तेव्हा गाडीला चार मिनिटं होती.

ओव्हरसियरनं घड्याळ मिटलं. मग त्याची नजर काखेकडे गेली.

"हे काय?"

"वरवंटा, साहेब."

"टोपडं?"

"भाचीचं."

थैलीबरोबर खासगी ओझं न्यायचं नाही, हा नियम मला पाठ होता. त्यालाही होता. "रिपोर्ट करावा लागेल," तो म्हणाला. मी सगळं खरं सांगितलं, आणि बाकावर बसून फिरवूनही दाखवलं. तोही बिचारा रोज दहा-बारा मैल बूट घालून चालणारा. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, विजार गुडघ्यापर्यंत चढवली आणि वरवंटा पोटरीवर टेकवला. पुढची पाच मिनिटं तो नुसता कण्हत होता. मग उठून म्हणाला, "नोकरी राहिली. पण हा सरकारजमा." टोपडं तेवढं त्यानं परत दिलं.

परतीची थैली घेऊन दुपारी गावात पोचलो, ती पिंपळाखाली दुसऱ्या रनरच्या हवाली केली आणि घर गाठलं. बायका पाळण्याभोवती खोळंबल्या होत्या. आईनं वरवंट्याचं विचारायच्या आधी विचारलं, "नोकरी?"

"हाय," मी म्हणालो.

मग मी सगळं कबूल केलं, चटणीसकट. विहीणबाई उठल्या, माझ्यासमोर आल्या, आणि खाली वाकून त्यांनी माझ्या पोटरीला कडकडून चिमटा काढला.

"आगं, ह्यो काय दगडापरीस कमी हाय?" त्या म्हणाल्या. "मामाचाच पाय घाला पाळन्यात!"

बायका हसत सुटल्या. मला खाली बसवून त्यांनी माझा उजवा पाय खरोखरच पाळण्यात ठेवला आणि अंगठ्यात टोपडं अडकवलं. भाची विहीणबाईंच्या मांडीवरून पाहत होती. आईनं हळदीकुंकवाचं तबक ओढलं. मुसळाला, लाटण्याला, रवीला ज्या पायाचा वारा लागू दिला नव्हता, त्याच पायाच्या अंगठ्याला तिनं हळद लावली, कुंकू लावलं. मग पोटरीवर हात ठेवला.

"लई दुखतं का रं?"

एवढ्या महिन्यांत हे तिनं पहिल्यांदाच विचारलं. मी नाही म्हणणार होतो, पण डोळ्यांतून पाणीच आलं, आणि बायकांना वाटलं की दुसऱ्या पायात गोळा आला.